साधी बुरशी

जिवाणूतला जनुक बुरशीत घालायचा, म्हणजे ती मारक औषधातही तगेल, एवढ्यासाठी शामलानं नागपूरच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं घासली होती. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर तिनं फ्रिजमधलं औषध काढून काचेच्या बश्यांत घातलं, आणि आठवड्यात बुरशी तरारून वर आली. तिच्या मार्गदर्शक सरांनी लगेच पेढे मागवले.

पेढा हातात असतानाच तिचे वडील, बापूजी, दारात आले. "आईले भरती केलं वं. तू सुट्टीनंतर आणलेल्या बाटलीतलं रोज इंजेक्शन देऊन राहिलो, तरी साखर उतरूनच नाही राहिली. काहून, ते डॉक्टरलेही समजत नाही."

"चला, येतेच," म्हणत तिनं पडताळ्याची राहिलेली बशी उघडली. तिच्यात जनुक न घातलेली साधी बुरशी होती. औषधानं ती मरायलाच हवी होती, पण तीही तितकीच माजली होती.

"म्हणजे औषधच मेलं!" सर कपाळाला हात लावून खाली बसले. "दर सुट्टीत मेन स्विच मीच बंद करून जातो, आगीच्या भीतीनं. फ्रिज लक्षातच आला नाही."



घरी फ्रिज नव्हता, म्हणून आईच्या इन्सुलिनच्या बाटल्याही उन्हाळाभर प्रयोगशाळेच्या त्याच फ्रिजमध्ये होत्या.