मुठीतला गंज

आंधळ्या सासऱ्यांनी आखूड जपानी तलवार जावयापुढे सरकवली. “वय सांगा, जावईबापू. संग्रहालयातले जाणकार तुम्ही.” जावयाने बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ ओढली. आतल्या लोखंडावर काळा, गुळगुळीत गंज होता; असा चढायला चारशे वर्षं लागतात. वय त्यावरूनच ठरतं, म्हणून तो कुणी पुसत नाही. जावई म्हणाला, “नक्कल आहे. गंज तेजाबाने आणलाय. नेतो, पोरांना खेळायला.” “नक्कल? मग खोटा गंज हवा कशाला? हा घ्या पॉलिश पेपर, घासा.” नाही म्हणावं तर खोटं उघडं पडणार. जावयाने घासलं. चार शतकं भुकटी होऊन मांडीवर सांडली. सासऱ्यांनी खरखर संपू दिली, मग लोखंडावरून अंगठा फिरवला. “खरी होती. डोळे गेलेत, बोटं नाहीत; मूठ काढून मी गंज आधीच चाचपला होता. तुम्हालाच द्यायला बोलावलं होतं. आता न्या, पोरांना खेळायला.”