चार म्हणायचं नाही

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहानशी आहे, पण ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल, एवढा शब्द देतो.

होउबी गावात माझूमातेच्या देवळापुढे रविवारी सकाळी चौदा सायकली उभ्या होत्या. उदबत्त्या लावून झाल्या होत्या. को गुरुजींनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि हात वर केला. "मोजा!"

"एक!" "दोन!" "तीन!" "पाच!" "सहा!"

चार कोणी म्हणत नाही. तिथल्या बोलीत चार म्हटलं की कानाला मरण ऐकू येतं. म्हणून रांगेतली चौथी लुआनताई अकरा वर्षं पाचच म्हणत आली आहे.

सहानंतर मात्र माळ तुटली. सगळ्यांच्या माना वळल्या. लाई चिन-फा ओठ हलवत होता. मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"च... चहा," तो म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हिवाळ्यात मेंदूत रक्ताची गुठळी झाली तेव्हा चिन-फाचे पाय वाचले, शब्द गेले. उरला तो हा एक. भूक लागली तरी चहा, बायकोवर चिडला तरी चहा.

"मी म्हणते ना यांच्या वतीनं," त्याची बायको पाओ-चू पुढं झाली. "सात! घ्या, झालं."

"वहिनी, दुसऱ्याचा आकडा कोणी म्हणायचा नाही," गुरुजी म्हणाले. "एकदा म्हटला होता. ज्याचा म्हटला तो तेव्हा मैलभर मागं कालव्यात पडला होता."

"मग घरी बसवू यांना? सहा महिने झाले, माणूस खिडकीशी बसून नुसती सायकल पुसतोय."

गुरुजींनी चिन-फाकडे बघायचं टाळलं. "सोया विकणाऱ्या हातगाडीपर्यंत येऊ देत दादांना. तिथून निघताना पुन्हा मोजू. आकडा आला तर परत आमच्याबरोबर, आणि पुढं दर रविवारी. नाही तर... तुमच्या भाच्याचा ट्रक आहेच मागं."

भाताच्या पोटऱ्या भरल्या होत्या. बगळे बांधावर उभे होते. पुढून हाक आली, "खड्डा!" आणि एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी देत मागं आली. चिन-फापाशी ती मुकी झाली, पण त्याचा डावा हात बरोबर खड्ड्याकडे गेला आणि त्याच्यामागच्या, आठ म्हणणाऱ्या उंग शिंप्यानं ती पुन्हा उचलली.

"दादा, पाय तर अजून एक्का आहेत!" उंग ओरडला.

"चहा!"

"अहो, पोचू की, दम धरा!"

गाडीवर आल्याच्या पाकातलं गरम, दह्यासारखं मऊ सोया वाट्यांतून आलं. चिन-फानं वाटीला हात लावला नाही. पाओ-चू त्याच्या कानाशी पुटपुटत होती. "सात म्हणा. सा... सात." समोर बसलेली लुआनताई बघत होती. देवळात रोज संध्याकाळचा पाठ तीच सांगते, खड्या आवाजात, आणि गाव तिच्यामागून गातं.

"वहिनी, पाठाला असतात ना हे?"

"असतात की. सगळा म्हणतात, अक्षर चुकत नाही. उंबरा ओलांडला की चहा."

लुआनताईनं मान हलवली आणि वाटी चाटून पुसून ठेवली.

ट्रकचं मागचं फळकूट भाच्यानं आधीच पाडून ठेवलं होतं. गुरुजींचा हात वर गेला, पण या वेळी जरा जड. "मोजा!"

"एक!" "दोन!" "तीन!"

"चार!" लुआनताई म्हणाली. तेही कसं, तर देवळातल्या आवाजात.

"अगं बाई!"

"ताई, जीभ चाव!"

"थुंक, आधी थुंक!"

उंगनं धावत जाऊन गाडीच्या लाकडाला हात लावला. सोयावाला वाटी हातात धरून तसाच राहिला. चिन-फाकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

"पुसून टाका!" गुरुजी ओरडले. "पहिल्यापासून! पटपट, श्वास न घेता!"

"एक!" "दोन!" "तीन!" "पाच!" "सहा!"

"सात!"

पाठ म्हणताना शब्द आठवावे लागत नाहीत. मागची ओळच पुढचीला हात धरून आणते.

पुढचा आकडा येईना. उंगचं तोंड उघडं ते उघडंच.

"आठ!" गुरुजी खेकसले. त्यांचा आवाज फाटला होता. "आठ कुठं उलथला?"

"आठ, आठ! आहे की इथं!"

पाओ-चूनं ट्रकचं फळकूट स्वतःच्या हातानं वर केलं, कडी घातली आणि त्याच्यावर कपाळ टेकून उभी राहिली.

लुआनताई खाली वाकून साखळीशी उगाच काहीतरी करत होती. ओठ पुटपुटत होते. देवीची क्षमा मागत असावी. चिन-फा सायकल ढकलत तिच्याजवळ आला.

"चहा," तो हळूच म्हणाला.

"असू दे, दादा," ती वर न बघता म्हणाली. "चला, ऊन होतंय."

तुम्ही कुठल्याही देवळात उदबत्ती लावाल तेव्हा या बाईची आठवण ठेवा, एक कांडी तिच्या नावानं लावा. अकरा वर्षांत एकदाच चुकली ती.