सीटवरचं प्लास्टिक

“सीटवरचं प्लास्टिक काढू नको,” बाप म्हणाला. लांबच्या शाळेत जाता यावं म्हणून आठवीच्या मुलींना सरकारकडून सायकली मिळाल्या होत्या. द्वारकाला वाटलं, बापाला केवढं अप्रूप आहे.

तो रोज फडक्यानं सायकल पुसायचा. रस्ता खराब आहे, टायर झिजतील म्हणायचा. द्वारका चालतच शाळेत जायची आणि घरी आली की घंटी एकदा वाजवून बघायची.

ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडीच घेतो. त्यामुळे कारखाने सुरू व्हायच्या आत शेजारगावच्या एका मुलाला बायको हवी होती. द्वारकाची शाळा सुटली.

मांडवात बापानं स्वतःच्या हातानं प्लास्टिक फाडलं.

“एकदम नवी हाये, पाव्हणं,” तो जावयाला म्हणाला. “पोरीला एकदाबी बसू दिलं न्हाई.”