एस्पोझितोंचं गोत्र

“एस्पोझितो. बरं. पण कुठले एस्पोझितो?”

प्रमोद तारळेकरांनी हे विचारलं तेव्हा दारिओच्या तोंडात पुरणपोळीचा घास होता. ऋचाने डोळेच मिटून घेतले. मोठ्या धीराने तिने आज मुलगा हिल्सबरोच्या घरी जेवायला आणला होता. बाबांनी लग्नाला हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि बाबा नेमके तिथेच शिरले.

ही प्रमोदरावांची खोडच. कुणी कुलकर्णी भेटला, की ते कऱ्हाडचे का पैठणचे, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. ऑकलंडमध्ये एकोणीस वर्षं झाली, आयटीत मॅनेजर झाले, पण खोड काही गेली नाही. सँडरिंगहॅमच्या वाण्याकडे तर त्यांनी गल्ल्यावरच्या पटेलांचं नवसारीजवळचं गाव खोदून काढलं होतं. मागे सहा माणसं रांगेत ताटकळत होती, ती वेगळीच.

दारिओ गुणी मुलगा. त्याने इंग्रजीत सगळं नीट सांगितलं. जन्म वेलिंग्टनचा, पणजोबा इटलीहून मासेमारीसाठी आलेले. एस्पोझितो म्हणाल तर नेपल्स आणि त्याच्या आसपास हीप्स, म्हणजे ढिगाने. उत्तरेकडे जावं तसे कमी होत जातात.

“म्हणजे मूळ पुरुष नेपल्सचा,” प्रमोदराव खूश झाले. “काय करायचा?”

“मूळ पुरुष असा नाहीच, काका. तिथे अनाथाश्रमाच्या दारात लोक बाळं सोडून जायचे. आईबाप कोण, ठाऊक नाही. मग आश्रमवाले त्यांना हेच आडनाव द्यायचे. एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेला.” एवढं बोलून त्याने आणखी थोडी कटाची आमटी मागितली.

ऋचाच्या आईने, स्नेहलताबाईंनी, ती जरा जास्तच वाढली. त्यांना मुलगा केव्हाच पसंत पडला होता. पण या घरात त्यांना विचारतंय कोण.

प्रमोदरावांचा चेहरा मात्र पार उतरला. “कुळाचा पत्ता नाही, मुळाचा पत्ता नाही,” ते मराठीत पुटपुटले. “लग्नात गोत्र काय सांगायचं, कपाळ? थांबा, गुरुजींनाच विचारतो.”

गुरुजी पुण्यात, तिथे सकाळचे सात वाजले होते. गुरुजींच्या घराण्याकडे तारळेकरांचं उपाध्येपण तीन पिढ्या चालत आलेलं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून प्रमोदरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि दारिओची सगळी कर्मकथा ऐकवली.

“मग त्यात काय अडलं?” गुरुजी म्हणाले. “गोत्र माहीत नसलं की काश्यप लावायचं. शास्त्रात सोय आहे.”

ऋचाला हायसं वाटलं. पण ते घटकाभरच.

“मग तर प्रश्नच मिटला,” प्रमोदराव खुर्चीत ताठ झाले. “आमचंही काश्यपच. सगोत्र लग्न कसं लावणार? मला वाईट वाटतं हो, मुलगा चांगला आहे. पण शास्त्रापुढे माझा काय इलाज?”

त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. ऋचाचे डोळे भरून आले. दारिओला यातलं अवाक्षर कळलं नव्हतं, तरी त्याने चमचा खाली ठेवला आणि तिचा हात धरला. स्नेहलताबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या, की रात्रीच्या जेवणाचं काही खरं नव्हतं.

फोनमधून चहाचा एक घोट ऐकू आला.

“प्रमोदराव, खुशाल मुहूर्त काढू,” गुरुजी म्हणाले. “तुमच्या आजोबांच्या मुंजीत तुमच्या पणजोबांना गोत्र सांगता येईना, तेव्हा हे तुमचं काश्यप माझ्याच आजोबांनी लावून दिलंय.”