समुद्रातला अर्धा तास

रखमाबाईचा एक पाय शिडीवर होता आणि दुसरा घोटाभर पाण्यात. तेवढ्यात बोटीच्या पलीकडच्या कडेवरून काशीबाईने कासोटा खोचून धपकन उडी टाकली. रखमाबाईने पाय वर ओढून घेतला आणि ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली.

"काय झालं गं आई?" मिलिंदने विचारलं.

"गार आहे."

गार कसलं आलंय. ग्रीस देशातलं ते बेट, डोक्यावर जूनचं ऊन, आणि पाणी एवढं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. शेजारच्या बोटीतल्या गोऱ्या बाया मघापासून डुंबत होत्या. नांगर टाकताना बोटवाल्या म्हाताऱ्याने घड्याळावर बोट फिरवून दाखवलं होतं, अर्धा तास. मग बोट माघारी, आणि सकाळी मुंबईचं विमान.

मिलिंदचं उल्हासनगर कॅम्प दोनला पंख्यांचं दुकान. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्याने इतके पंखे खपवले की कंपनीने दुकानदारांच्या सहलीत त्याचंही नाव घातलं, सोबत घरचं एक माणूस. शीला, त्याची बायको, म्हणाली, मला सुट्टी मिळायची नाही, आईंना न्या. बदलापूरच्या हरेशनेही अशीच आपल्या आईला आणली होती. ती ही काशीबाई. बाकी सगळे जोडीने आलेले. म्हणून दोघी म्हाताऱ्या एका खोलीत, आणि चार दिवस एका चटणीच्या डब्यावर.

दोघीही उल्हास नदीकाठच्या. काशीबाई शेतीवाडीच्या घरातली. रखमाबाईचं माहेर त्याच नदीवर, पण दोन गावं खाली, आणि तिथेही गावाच्या टोकाच्या वस्तीत. पोहायला दोघी नदीतच शिकलेल्या. पहिल्याच दिवशी बसमध्ये तो विषय निघाला आणि रखमाबाईने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "समुद्रात नेतील ना, तेव्हा बघा. समोरच्या खडकाला हात लावून काशीबाईंच्या आधी परत येते की नाही." पुढे रोज सांगितलं. बारक्या आवाजात बोलायची तिला सवयच नव्हती. आज पहाटे उठून तिने पेटीच्या तळाचं जुनं नऊवारी घट्ट नेसलं, ते ह्याच्यासाठीच.

आणि आता बसली होती पदर सावरत.

रखमाबाई मागे राहणाऱ्यातली नव्हे. कॅम्पातल्या सार्वजनिक नळावर तिच्या आधी हंडा लावायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका नगरसेवकाने रांग मोडून आपल्या माणसाला पुढे घातलं, तर त्याला नळापासून गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकवत नेलं होतं. सिंधी शेठ लोकही तिला 'अम्मा, अम्मा' करून आधी मोकळी करायचे.

"रखमाबाय, ये गो," काशीबाई पाण्यातून ओरडली. "पानी कोमट हाय."

"तुमचं चालू द्या. मला घाई नाही."

"मंग बसभर काय नुसती हवा करत व्हतीस?"

हरेश हसला. बाकीचेही हसले. मिलिंद खाली वाकून म्हणाला, "आई, सगळे बघतायत यार. इज्जत जाते."

"तुझी इज्जत माझ्या लुगड्याच्या गाठीला बांधलीय का? खाल्लेलं जिरू दे जरा."

पाण्यात उतरलेला एकेक जण बाहेर आला. रबरी टायर गळ्यात घालून शिडीला चिकटलेले आले, हरेशही आला. काशीबाई खडकापर्यंत जाऊन परतली, वर उताणी तरंगत राहिली. रखमाबाईची नजर तिच्यावरून हलेना. दोनदा ती अर्धी उठली, दोनदा बसली.

शेवटी बोटवाल्याने पंजा दाखवला. पाच मिनिटं. काशीबाई शिडी चढून वर आली आणि पदर पिळू लागली. रखमाबाई ताडकन उठली. कासोटा आवळला, शिडी गाठली.

"आत्ता?" मिलिंद चिडला. "इतका वेळ कशाची वाट बघत होतीस?"

"म्हटलं, बाई बाहेर येऊ दे."

बोलून गेली आणि तिथेच थांबली. आपल्या तोंडून कोण बोललं, असं तिला झालं.

नदीवर तिची आई तिची वेणी मुठीत धरून उभी राहायची. गावातल्या बाया पाण्यात असल्या की वस्तीच्या पोरींनी उतरायचं नाही. शेवटची बाई लुगडं पिळून वाटेला लागली की वेणी सुटायची. असेच कासोटे, अशाच हाका. पुढे छप्पन साली बापाने दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव त्याच नदीत सोडले, आणि त्या दिवसापासून आईनेही वेणी धरली नाही. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. मघाशी त्या गोऱ्या बाया पोहत होत्या, तेव्हा ती बिनघोर पाण्यात पाय सोडून होती. काशीबाई उतरली आणि पाय आपोआप वर आला.

काशीबाईचे हात पदर पिळता पिळता थांबले होते. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीही नदीवरचीच. ती ओशाळली, शिडीपासून बाजूला सरकली आणि हळूच म्हणाली, "जा गो बाय, जा. मी आले ना भाईर."

रखमाबाईने तिचं ओलं मनगट धरलं.

"नाही काशे. तू परत उतर. तू पाण्यात असताना मला उतरायचंय."