तक्रारीसाठी तीन दाबा

तिसऱ्या दिवशी बाईंचा घसा बसला, तेव्हा साहेबांची खात्रीच पटली की या बाई कामाचं नुसतं सोंग करतात.

घसा बसायला काम तरी होतं कुठे? फोन सगळे डबा घेत होता.

डबा कुठून आला तेही सांगतो. कंपनी पाणी उपसायच्या पंपांची. रविवारी रस्त्याखालची मोठी जलवाहिनी फुटली आणि कंपनीच्याच तळघरात गळ्याएवढं पाणी भरलं. उपसायला पंप हवे तेवढे होते, पण तेही तळघरातच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पंपांबरोबर टेलिफोनचं यंत्रही बुडालं.

अशा संकटासाठी साहेबांनी तीन वर्षं खपून एक जाडजूड फाइल बनवली होती. तिच्याबरहुकूम सोमवारी सकाळी फोनवाल्यानं गल्लीपलीकडच्या गोदामात राखीव डबा बसवला. मुख्य यंत्र बंद असेल, तर येणारा फोन डब्याकडे वळायचा. डबा बाईंच्या आवाजात स्वागत करायचा. तो आवाज बाईंनी सात वर्षांपूर्वी भरून दिला होता. समोरच्यानं एक दाबलं, तर फोन दुरुस्तीवाल्याच्या मोबाइलवर. दोन दाबलं, तर विक्रीकडे. चार घंट्यांत उचलला नाही, तर त्याच्या जोडीदाराकडे. तोही बोलत असेल, तर संगीत ऐकत थांबायचं.

"मग मी काय करू?" बाईंनी विचारलं होतं.

"लक्ष ठेवा. पण हात लावायचा नाही."

बाई एकतीस वर्षं कंपनीच्या ऑपरेटर. कोण कुठला आकडा दाबतंय, हे त्या बटणाच्या नुसत्या आवाजावरून सांगत. पेन्शनला अकरा महिने उरले होते, आणि घरी यजमान दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. गोदामात येताना त्यांनी आपला जुना, फोन जोडायचा बटणांचा बोर्ड काखेत मारून आणला. साहेबांनी तो केव्हाच भंगारात काढला होता.

"हा कशाला?"

"सवय हो साहेब. समोर नसला की हात रिकामे वाटतात."

सोमवारी दुपारी बाई धापा टाकत गल्ली ओलांडून ऑफिसात आल्या.

"साहेब, त्या डब्याचं जरा..."

"बाई! डबा उत्तम चाललाय. सकाळपासून एक फोन चुकला नाही. आपली जागा जाईल म्हणून यंत्राच्या चहाड्या सांगू नका."

"बरं," बाई म्हणाल्या आणि आल्या तशा धावत परत गेल्या. एवढी घाई कसली, ते साहेबांना कळलं नाही.

डब्याचं कौतुक मात्र गावभर झालं. एका कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "तुमचं मशीन आमच्या माणसांपेक्षा नीट बोलतं." कुणी म्हणालं, थांबवून ठेवताना जे संगीत लागतं ते फार गोड आहे, अगदी कुणी गुणगुणल्यासारखं. बुधवारी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मशीनला सर्दी झालीय का हो? आल्याचा रस द्या त्याला."

साहेब पोट धरून हसले. "आजोबा, तळघरात पाणी आहे ना, तारा दमट झाल्यात."

त्याच दुपारी ते गोदामात डोकावले. कानाला हेडफोन लावून बाई कुणाशी तरी बोलत होत्या. साहेब दिसताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बोलणं चालूच. टेबलावर तो जुना बोर्ड, गरम पाण्याची बाटली, स्टीलचा पेला, चमचा. डबा शालीखाली नीट झाकलेला. निदान धूळ तरी बसू देत नाहीत, साहेबांना वाटलं. बाकी ऑफिसच्या वेळेत गप्पा, आणि वर घसा बसला म्हणून तोंड वाकडं!

गुरुवारी बाई जेवायलाही उठल्या नाहीत. "भूक नाही," एवढंच खरखरल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. बसून बसून माणूस दमतं ते असं, साहेब मनात म्हणाले.

शुक्रवारी चार वाजता साहेबांनी बाईंच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र ठेवलं.

बाईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला, पत्र वाचलं. "कधीपासून?"

"आज पाचपासून. सोमवारी नवं यंत्र येतंय, आणि माणसाशिवाय भागतं हे डब्यानं दाखवून दिलंय."

"अकरा महिने राहिलेत हो साहेब. तेवढे काढू द्या."

"माझ्या हातात काय आहे? फाइल बघा, माणूस लागेल असं कुठे लिहिलंय?"

"सोमवारी मी हेच सांगायला आले होते..."

"आता नको, बाई. मालक यायचेत."

बाईंनी पत्राची घडी घातली आणि बाटलीखाली ठेवली. "बरं," त्या म्हणाल्या, आणि हेडफोन पुन्हा कानावर ओढला.

पाचाला दहा कमी असताना मालक आले. साहेबांनी आपला मोबाइल स्पीकरवर टाकला आणि कंपनीचाच नंबर फिरवला.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे. दुरुस्तीसाठी एक दाबा. विक्रीसाठी दोन. तक्रारीसाठी तीन."

टिंग.

"ऐकलंत, मालक? पाच दिवस! ना पगार, ना रजा, ना कुरकुर."

"तक्रार केली तर?"

"करून बघा ना." साहेबांनी ऐटीत तीन दाबलं. गुणगुण सुरू झाली. एकच चाल, जरा खरखरीत, पण गोड. मालक डोळे मिटून ऐकत राहिले, साहेब बोटांनी ताल धरून. भिंतीवरच्या घड्याळात पाचाचे टोले पडले.

गुणगुण मध्येच थांबली. चमचा पेल्यात टाकल्याचा आवाज आला.

"तीनच दाबलंत ना, साहेब? मग तक्रार नोंदवून घ्या. डबा सोमवारी दुपारीच जळालाय. मी निघते."