आण्णांची फोनमराठी

हिंजवडीजवळच्या माण गावातल्या भिकूआण्णांना लेकानं नवा फोन आणून दिला, नुसतं तोंडानं सांगितलं की सगळं करणारा! पण आण्णांचं हाय-न्हाई त्या फोनला काही केल्या कळेना, मग काय, आण्णा थेट बातम्यांतली मराठी शिकले की हो! ओट्यावर बसून रोज सुरू, "कृपया मला हिंजवडी चौकातल्या गर्दीची माहिती द्याल का? मी आपला अत्यंत आभारी आहे."

आत रत्नाबाईंचा नुसता जळफळाट! लगीन झाल्यापासून त्यांच्या वाट्याला 'अगं ए'च्या पुढं एक गोड शब्द आला नव्हता. "अवो, त्या डबड्याला आपण-बिपण, आन् मला?"

"त्याला साधं बोललेलं समजत न्हाई. तुला समजतंय की!" आण्णा खेकसले. "अगं ए, च्या आन लवकर!"

रत्नाबाईंनी उकळत्या चहाखालचा गॅस बंद केला आणि अगदी त्या फोनमधल्या बाईच्या थंड आवाजात म्हणाल्या, "माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा प्रयत्न करा."



आण्णांच्या तोंडून सवयीनं निघूनच गेलं, "क्षमस्व. आपण मला एक कप चहा देऊ शकाल का?"